खांद्यावरून खाली

१८ जून १९९६, मंगळवार

बारामतीचं बालवाडीच्या बाईंचं शिबिर संपलं. संध्याकाळची एसटी, लासुर्ण्यापर्यंत उभीच. पाय दुखतायत, डोकं मात्र ताजं.

मॅडम शेवटच्या तासाला म्हणाल्या, "पाच वर्षांच्या मुलाला अ काढता आला नाही तर मी काळजी करणार नाही. एका पायावर उभं राहता आलं नाही तर करीन." सगळ्या हसलो. मग त्यांनी आम्हालाच एका पायावर उभं केलं. भिंत धरायची नाही, शेजारणीला धरायचं नाही. माझ्यासकट बऱ्याच जणी कोलमडल्या.

त्यांनी सांगितलेलं मनात घोळवत आले. तीन वर्षांच्या मुलानं पायरी चढावी. चारच्यानं दोन्ही पायांनी उडी मारावी, मोठा चेंडू छातीशी धरावा. पाचच्यानं रेषेवरून चालावं, लंगडी घालावी, पळताना वळावं, आणि थांब म्हटल्यावर जागच्या जागी थांबावं. पडायचं कसं, तेही शिकवायचं. हे शेवटचं त्यांनी परत सांगितलं. आधी खांदा, मग मनगट, मग बोटं. मग पेन्सिल.

आणि मी तीन वर्षं या पोरांच्या हातात पहिल्या दिवसापासून पाटी देत आले.

ह्यांना जेवताना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे आता अंथुर्ण्याची पोरं लंगडी घालणार. ती बालवाडी नसतानापण घालत होती की."

खरं आहे. पण सगळी नाही.

२४ जून, सोमवार

समाजमंदिरापुढच्या अंगणात फक्कीनं रेघ मारली. पारूबाई, आमची मदतनीस, म्हणाली, "बाई, रांगोळी काढायची तर नीट काढू." सांगितलं, यावरून चालायचंय. तिनं आधी स्वतः चालून बघितलं, हात पसरून.

पोरं खूश. निम्मी रेघेवर, निम्मी रेघ पुसण्यात. गण्या उलटा चालला.

नवी मुलगी आली. सोनाली, घरी सोनी म्हणतात. आजोबांच्या खांद्यावरून. भिवाआबा, धनगरवस्तीवरचे, उंच, लाल पटका. दारात तिला उतरवलं ते थेट सतरंजीवर. पाय जमिनीला लागूच दिला नाही. म्हणाले, "आमी हितंच बसतो भाईर. तिला भाईर खेळायला नगा नेऊ, बाई. खडं हायती."

लिंबाखाली बसून राहिले सुटेपर्यंत.

२ जुलै

सोनीचं वय साडेचार पूर्ण. आज नीट पाहिलं. समाजमंदिराची एकच पायरी, तीपण वीतभर. तिथं येऊन ती थांबते. पाय पुढं टाकून बघत नाही, रडत नाही, फक्त दोन्ही हात वर करते. कोणीतरी उचलेल म्हणून. आणि आबा येतातच धावत.

पायात काही खोट नाही. वालचंदनगरच्या डॉक्टरनं तपासलंय म्हणे. बोलते छान, गाणी सगळी पाठ. रेघेवर उभी केली तर खाली बसली.

दुपारी भांडी घासताना पारूबाई म्हणाली, "तिचा थोरला भाऊ व्हता. विकास. क्यानॉलवर गेला पोरांसंगं पळत. पाणी सुटलेलं." हात चालूच तिचे. "तवापासून ही पोर कुणाच्या ना कुणाच्या अंगावरच असती. आय, न्हायतर आबा. आय तर घराभाईर पडत न्हाय."

मला माहीत होतं की त्या वस्तीवर कोणाचं तरी पोर गेलं. हेच घर, ते नव्हतं माहीत.

९ जुलै

आबांशेजारी जाऊन बसले. पोरं पारूबाईकडं.

म्हटलं, "आबा, तिला एक पायरी तरी उतरू द्या."

त्यांनी एक खडा उचलून लांब टाकला. मग म्हणाले, "मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो आमी, बाई. अख्खी हयात चालण्यात गेली. आता हिला खांद्यावर घेतल्याबिगर माझा पाय उचलत न्हाय."

उठून आले.

पण उद्यापासून त्यांना आत बसवायचं. बाहेरून धावत येण्यापेक्षा आतच असलेले बरे.

२१ जुलै, रविवार

ह्यांना सुट्टी. वा.नगरच्या गॅरेजवाल्याकडून जुने टायर आणले, ट्रॅक्टरचा एक, बाकी जीपचे. सायकलला बांधून, दोन फेऱ्या. ट्रॅक्टरचा मात्र कुणाच्या तरी बैलगाडीतून आला. मग एक फळी रंधून दिली, खाली दोन विटा. वर चालायची. मी चालून दाखवली. म्हणाले, "सुनंदा, उतर, फळी मोडंल." मोडली नाही.

चिंध्यांचे चेंडू मी शिवले. जुनं लुगडं पारूबाईनं दिलं. लाल, पिवळे. झेलताना भीती वाटत नाही मऊ चेंडूची, मॅडमचंच सांगणं.

टायर अर्धे पुरले मातीत. ओळीनं. मस्त दिसतायत.

३० जुलै

गण्या पडला. ट्रॅक्टरच्या टायरवरून, हनुवटीवर. रक्त फार. पदर दाबून धरला, जीपवाल्याला थांबवून वा.नगर. टाके पडले. त्याची आई शकू शेतातून तशीच आली, चिखलाचे पाय. गण्याला माझ्या हातातून घेतलं. गण्या मात्र येताना टाके किती ते सगळ्यांना सांगत होता.

मी पलीकडं उभी होते. दुसऱ्या पोराला उतरवत होते. हात पोचला नाही.

आणि आबांनी ते सगळं पाहिलं. सोनीला उचलली आणि घरी गेले. डबासुद्धा विसरले.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पालकांची सभा. तात्या, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, मधोमध खुर्चीवर. चांगला माणूस आहे, बालवाडी त्यांनीच उभी केली, दारोदार जाऊन. त्यामुळं त्यांचं बोलणं जास्त लागतं.

"बाई, खेळायला आमच्या घरी अंगाण हाय. झाडं हायती, बैलगाड्या हायती. पोरं पडायची ती तितंबी पडत्यात. हितं धाडतो ते शिकायला. वालचंदनगरात कंपनीच्या कॉलनीतली पोरं एबीसीडी लिवत्यात या वयात. आमची मागं ऱ्हायली तर?"

मी खांदा, मनगट, बोटं सगळं सांगितलं. बोलताना मलाच ते पुस्तकी वाटलं. कोणीतरी मागून, "खांद्यानं का कुणी लिवतंय." हशा.

शकू गप्प बसून होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं.

ठरलं: टायर बंद. पाटी-लेखन रोज.

५ ऑगस्ट

पाट्या. सगळी गप्प बसून अ काढतायत. तात्या खिडकीतून बघून गेले, समाधानानं. गण्यानं पेन्सिल मुठीत धरलीय, मुसळासारखी. दोन मिनिटांत हात दुखतो म्हणून मांडीवर ठेवतो.

टायरांवर पाला पडलाय.

ह्यांनी विचारलं, काय झालं. म्हटलं काही नाही. म्हणाले, "काही न्हाय म्हणायला एवढा वेळ भाकरी थापत का बसलीस?"

१९ ऑगस्ट, सोमवार. पंचमी.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

देवळापुढं बायका जमल्या. चिंचेला झोका. फेर धरला, गाणी झाली, मग फुगड्या. मी शकूबरोबर घातली. तीच पुढं आली, हात पुढं केला. मी वाट बघत होते की आता फिरवताना हात सोडून देईल. नाही सोडला. घट्ट धरला. इतकं गरगरलो की थांबल्यावर दोघी एकमेकींना धरून उभ्या.

धापा टाकत तिला म्हटलं, "हे तुला कुणी शिकवलं गं?"

"कुणी शिकवायला कशाला पाहिजे? लहानपणापास्नं घालतो."

"पडली नाहीस कधी?"

"पडल्याबिगर फुगडी येती व्हय?" आणि म्हणता म्हणता थांबली. माझ्याकडं बघत राहिली. मी काही बोलले नाही. मुद्दाम नाही, मला श्वासच नव्हता.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्या टायरच्या कडंला रेती टाका. आन् पोरं एकावेळी एकच सोडा. मी यीन शुक्रवारी, मळ्यात काम नसलं तर."

भिंतीला टेकून एक बाई उभी होती, कडेवर सोनी. म्हणजे लता. सोनीची आई. पहिल्यांदा पाहिली. माझ्यापेक्षा लहान असेल. सगळ्याजणी झोक्यावर बसा बसा म्हणत होत्या, ती नुसती मान हलवत होती. सोनी झोका बघत होती, मान झोक्याबरोबर इकडून तिकडं.

२७ ऑगस्ट

टायर परत सुरू. तात्यांना शकूनं सांगितलं. मी नाही. "माझ्या पोराची हनुवटी हाय, तात्या, मी म्हणती चालू करा." ते म्हणाले, "मग पाटीबी चालू ऱ्हाऊ द्या." ठीक. अर्धा वेळ पाटी.

रेती आली. शकूसुद्धा आली.

आबा सोनीला घेऊन परत यायला लागलेत, गेल्या आठवड्यापासून. आत बसतात. आज त्यांना काम दिलं. लिंबाला दोर बांधायचा होता, पोरांनी लोंबकळायला. त्यांची गाठ बघण्यासारखी. मग म्हटलं, आबा, आता इथंच उभे राहा, पोरं लोंबकळतील तेव्हा खालून हात ठेवा. धरायचं नाही, फक्त हात ठेवायचा.

"धरायचं न्हाय?"

"सुटलं तरच धरायचं."

गण्यासाठी हात ठेवला. बाकीच्यांसाठी ठेवला. सोनी सतरंजीवरून बघत होती. आपले आबा दुसऱ्यांच्या पोरांकडं का बघतायत, असं तोंड.

१२ सप्टेंबर

सोनी जीपच्या टायरवर बसली. बसवली मी, उतरायचं तिनं. खाली वाळू. आबा एका बाजूला, मी एका बाजूला. दोन्ही हात वर केले तिनं, नेहमीसारखे. आबांचे हात पुढं आले. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मोठ्या माणसाच्या अंगाला असा हात लावायला नको होता, पण लावला. ते थांबले.

तिला सांगितलं, "पालथी हो. पोट टायरला लाव. आता पाय खाली सोड. जमीन कुठंय, पायानं शोध."

पाय हवेत हलत होता, इकडं तिकडं. मग अंगठा लागला वाळूला. मग टाच.

उभी राहिली. पायाकडं बघितलं. मग म्हणाली, "परत."

आबा भिंतीकडं तोंड करून पटका सारखा करत बसले, उगाच.

१८ सप्टेंबर

सोनी रोज 'परत' म्हणते. आता चढतेपण, गुडघा घालून. पायरी उतरली, पालथी होऊन, पोटावर. पोरं हसली. मी म्हटलं, "बघा, हीपण एक रीत आहे." मग सगळीच पालथी होऊन पायरी उतरायला लागली. पारूबाई म्हणाली, आता तात्यांनी बघू नये म्हंजे झालं.

'पळ-थांब' खेळ घेतला. डफली वाजली की पळायचं, थांबली की पुतळा. सोनी पळत नाही, भराभर चालते. पण थांबते सगळ्यांत आधी.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लता आली. सुटायच्या वेळेला. दारातच उभी, आत नाही आली.

"बाई, तिला पळायला शिकवू नगा."

म्हटलं, "अगं, छान करतीये ती. बघ तरी."

"मला बघायचं न्हाय. चालायला येतंय तेवढं बास हाय." आवाज अगदी हळू. "इकास पळायला लय चपळ व्हता. समद्या पोरांच्या म्होरं पळत गेला. मागं ऱ्हायलेली पोरं वाचली."

मग जे म्हणायचं ते म्हटलं. म्हटलं, पळायला शिकवते म्हणजे थांबायला शिकवते. ज्याला पाय माहीत नाहीत त्याला कडही माहीत होत नाही. काठावरून मागं यायलासुद्धा पाय लागतात.

बोलताना पटत होतं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं, हे आज नको होतं. काठ हा शब्दच नको होता.

तिनं सोनीला कडेवर घेतलं. सोनी खाली सरकायला बघत होती, पाय हलवत. तिनं आणखी घट्ट धरलं.

२३ सप्टेंबर

सोनी आली नाही.

८ ऑक्टोबर

नाहीच. पण आबा आले. एकटेच. पूर्वीसारखे लिंबाखाली बसले. मी पाणी दिलं. दोराची गाठ तपासली त्यांनी, जरा सैल झाली होती, परत आवळली.

"सून ऐकत न्हाय," म्हणाले. "आन् मी तिला कायबी म्हणू शकत न्हाय. त्या दिशी पोरगं माझ्यापाशी व्हतं."

हे पारूबाईनं सांगितलं नव्हतं. तिलाही ठाऊक नसेल.

पोरांना लोंबकळवून गेले दुपारी.

२१ ऑक्टोबर

गण्या पेन्सिल मुठीत धरत नाही आता. कधी बदललं, लक्षातच आलं नाही. चिमटीत धरतो, वर-खाली रेघा मारतो, आणि हात दुखतो म्हणत नाही. तात्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी त्याची बोटं हातात घेऊन बघितली, दोरानं घट्टे पडलेली. "म्हंजे हे दोरानं झालं म्हणता?" म्हटलं, दोरानंपण. ते म्हणाले, "बघू." पण जाताना टायरवर पाय ठेवून बघितला, पक्का आहे का.

१४ नोव्हेंबर, कोऱ्हाळे

दिवाळी माहेरी. भाऊबीज झाली. आईनं गुऱ्हाळातून काकवी आणून ठेवलेली, माझ्यासाठी.

आईला सोनीचं सांगितलं. वाटलं, म्हणेल बाई बरोबर केलंस. म्हणाली, "तू त्या बाईला इतकं शहाणपण शिकवलंस, पण तिच्यापाशी बसलीस का कधी?"

नाही बसले.

२० नोव्हेंबर

गेले वस्तीवर, शाळा सुटल्यावर. लता गवत कापत होती गोठ्यामागं. मीपण विळा घेतला. शाळेचं काही बोलले नाही. कारखाना सुरू झालाय, धूर दिसत होता लांब. तिनं शेवटी स्वतःच विकासचं सांगितलं, तो काय खायचा, कसा बोलायचा. र म्हणता यायचा नाही. मी ऐकलं फक्त. सोनी उंच खाटेवर होती, भिंतीला लावलेली. उतरता येऊ नये म्हणून पायांखाली विटा देऊन उंच केलेली. मला बघून हसली.

परत येताना अंधार पडायला आला. लता बांधापर्यंत आली पोचवायला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी प्रार्थनेच्या आधी लता अंगणात. तिच्यामागं आबा. सोनी लताचं बोट धरून. चालत. वस्तीपासून चालत.

लताचे डोळे सुजलेले. काय झालं ते तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. काल ती धुणं वाळत घालायला गेली. आली तर खाट रिकामी. आरडाओरडा, आबा गोठ्यात धावले, शेजारचे बाहेर. लता थेट कॅनॉलच्या बाजूला पळत सुटली. आणि सोनी घरातच, खाटेच्या मागं, मांजराच्या पिल्लांपाशी. खाटेवरून एकटी उतरली होती.

"कशी उतरलीस म्हणलं, तर खाटंवर परत चढून दाखावलं. पालथी झाली. पाय खाली सोडला. चाचपला. मग उतरली." लतानं सोनीच्या केसांवरून हात फिरवला. "मी मारलं तिला, बाई. लय मारलं. मग दोघीबी रडलो."

मी काही बोलणार होते, तिनं बोलू दिलं नाही.

"मला वाटलं व्हतं, खाटंवर ठिवली की ऱ्हाईल. न्हाय ऱ्हायची. आज खाटंवरनं उतरली, उद्या दारातनं जाईल. मग आता नीट शिकवा. पळायला, थांबायला, समदं. अर्धवट शिकवू नगा."

म्हटलं, "तूपण बसशील इथं?"

"बसंन."

३ डिसेंबर

लता बसते. लिंबाखाली, आबांच्या जागी. आबा दोरापाशी. सासरा-सून एकमेकांशी बोलत नाहीत, पण सोनी लोंबकळली की दोघांची मान एकदम वर जाते.

'पळ-थांब' घेतला. लतानं डफली मागितली. तिनं वाजवली. वाजवायची थांबवली की सोनी थांबते का, बघत होती. थांबते. परत वाजवली. परत थांबली. पोरं दमली तरी ती वाजवत होती. मी थांबवलं नाही.

२१ जानेवारी १९९७

सोनी पळाली. मी रंगपेट्या लावत होते, नेमका क्षण दिसला नाही. पारूबाईची हाक आली तेव्हा ती टायरांच्या टोकाला पोचली होती, आणि परत येताना पडली. गुडघा फुटला. हात पुढं टाकले होते तिनं पडताना, तोंडाला काही नाही. मॅडमना कळवायला हवं हे.

मी लताकडं बघितलं. ती उठली होती, पुढं आली नव्हती. सोनीनं गुडघा बघितला, आईकडं बघितलं, रडायचं का ठरवत होती. लता म्हणाली, "माती झाड." सोनीनं माती झाडली.

पारूबाईनं हळद लावली. दुसरीकडं तोंड करून लता डोळे पुसत होती.

१३ फेब्रुवारी

बारामतीहून मॅडम पाहणीला. पोरांनी सगळं करून दाखवलं. फळी, उडी, चेंडू. लंगडीला सोनी एका पायावर उभी राहते, उडी मारता येत नाही. दोनदा बसली. मला वाटलं, मॅडम म्हणतील राहून गेलं. त्यांना मी जूनपासूनचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लंगडी येईल पावसाळ्यात. नाही आली तरी चालेल. हिचं उद्दिष्ट वेगळं होतं, ते झालं."

मला ते पुरेसं वाटलं नाही. झालं कसं म्हणायचं? अजून कुठं झालंय.

तात्यांनी मॅडमना चहा पाजताना टायर दाखवले, स्वतः आणल्यासारखे. शकू माझ्याकडं बघून हसली. असू दे.

१८ मार्च

पहिलीची नावं नोंदवायचं सुरू. गण्या, सोनी आणि इतर. मराठी शाळा कॅनॉलच्या पलीकडं. हे मला ठाऊक होतंच, सगळ्यांनाच होतं. कोणी बोललं नव्हतं.

लता दुपारी थांबून राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "बाई, तुमी पूल बघितलाय का? एका अंगाचा कठडा न्हाय. उसाच्या ट्रॅक्टरनं पाडलाय मागच्या साली."

मी पाहिलाय. रोज जाते त्यावरून बाजाराला. कठड्याकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. लता घराबाहेर पडत नव्हती, तरी तिला ठाऊक.

"आबा खांद्यावर नेतील शाळंत," म्हणाली. "दुसरं काय."

म्हटलं, "आणि दुसरीत? तिसरीत?"

तिनं पदर खोचला आणि सोनीला हाक मारली.

२५ मार्च

तात्यांना पुलावर घेऊन गेले. उन्हात. त्यांनी काठीनं पडक्या विटा ढोसल्या. खाली पाणी नव्हतं, कॅनॉलची पाळी संपलीय, तळाला चिखल आणि बगळे. म्हणाले, "आमच्या पोरांनी याच पुलावरनं शाळा केली. कठडा व्हता तवा." मग, "बघतो. अर्ज करू, न्हायतर लोकांतनं करू. पर आता सगळी ऊसतोडीत हायती."

त्यांनी बघतो म्हटलं की बघतात. पण जूनच्या आत?

३ एप्रिल

शकू, पारूबाई, आणखी बायका. गुढीपाडव्याआधी पुलाच्या त्या अंगाला तात्पुरते बांबू लावायचं ठरवलं. आबा दोर आणि गाठी बघणार. ह्यांनी कंपनीतल्या मित्राला विचारलंय लोखंडी पाइपाचं. होईल म्हणतात. नक्की नाही म्हणतात. दोन्ही एकाच वाक्यात.

११ एप्रिल

बांबू लागले. दिसायला गोठ्यासारखं. तात्या म्हणाले, विटा सांगितल्यात.

पाणी सुटलंय आज. उन्हाळी पाळी. पुलाखालून तांबडं, भरून.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी ऊन व्हायच्या आत गेलो. लतानंच सांगितलं होतं, पाणी असताना जाऊ, नसताना गेलो तर काय कळायचं. मी, लता, आबा, सोनी. पुलाच्या अलीकडं थांबलो.

लता त्या दिवसानंतर इथं आलेली नाही. तिनं पाण्याकडं बघितलं नाही, समोरच्या बाभळीकडं बघत होती.

सोनीला म्हटलं, मधोमध चालायचं, बांबूला हात लावायचा नाही, पळायचं नाही. तिनं मान हलवली. आबांनी सवयीनं खाली वाकून खांदा पुढं केला. सोनी म्हणाली, "आबा, तुमी मागनं या."

ती निघाली. आबा मागं, दोन्ही हात जरा पुढं, न धरता. पाण्याचा आवाज मोठा होता. मध्यावर गेल्यावर ती थांबली, खाली बघितलं, विटकरी पाणी, त्यात वाहत जाणारं पाचट. बराच वेळ बघत होती. लतानं माझा दंड धरला, नखं रुतली. मग सोनी परत चालायला लागली आणि पलीकडं पोचली. शाळेच्या भिंतीपाशी जाऊन वळली.

आबा तिथंच मटकन बसले. दमले होते, किंवा.

लता पुलावर आली. पहिली काही पावलं. मग जिथं कठडा पडलाय तिथं उभी राहिली. पुढं नाही, मागं नाही. मी जवळ होते, हात पुढं केला नाही. विचार केला होता, मागितला तर द्यायचा.

पलीकडून सोनी ओरडली, "आई, ये की. मधोमध चाल."

लतानं पहिल्यांदा पाण्याकडं बघितलं. आम्ही सगळे थांबलो. ऊन वर येत होतं. कुणालाच घाई नव्हती.